निरभ्र आभाळातली खळबळ

मी, प्रभावती तातेराव मगरे, संशोधन जहाजावरील निवृत्त रडार अभियंता, राहणार राजूर, ता. भोकरदन, जि. जालना, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण संतापात हे मृत्युपत्र लिहिते. लिहिताना कुणाची जबरदस्ती नाही. आधी झाली होती, ती पुढे येईलच.

१. राजूरचे माझे स्वकष्टार्जित घर भावाचा मुलगा मिथुन याला न देता त्याची बायको सुमेधा हिला एकटीला द्यावे. मिथुनने उंबरा ओलांडू नये.

२. मिथुनने मारून मारून सुमेधाचा एक कान बहिरा केला. मी मध्ये पडले, तर त्याने कामावरच्या स्टील मिलमधून आणलेल्या सळईने माझे उजवे मनगट फोडले. नातेवाईक म्हणाले, "तीबी उलटून बोलती. दोघायचं बी चुकतं."

त्यांनी माझे काम समजून घ्यावे. समुद्रावरची हवा किती घुसळली जाते आहे, हे आमचे रडार वर बघून मोजायचे. पण जहाज स्वतःच डोलते. एका वादळात सहकारी देवानंदचे डोके लोखंडी दारावर आपटून फुटले, रडारचा पडदा रक्ताने माखला. तो पुसून आम्ही आधी जहाजाचे डोलणे वजा केले, मगच हवेला दोष दिला. सुमेधाचे उलटून बोलणेही मी वजा करून पाहिले. खळबळ तेवढीच उरली. मिथुन, नालायका, ती सगळी तुझी आहे.

३. सुमेधा म्हणते, "आत्याबाई, आता ते हसून बोलून राह्यले." पोरी, ढगाचा ठिपका नसलेल्या आभाळातही हवा उकळताना मी रडारवर पाहिली आहे. त्या हसण्यावर जाऊ नकोस.

४. बँकेतली शिल्लक सुमेधाच्या कानावर खर्च करावी. माझ्या मयतीला मिथुनला खांदा देऊ देऊ नये. त्याचा हात एकदा लागला तेवढा पुरे.

५. ती सळई मी परत दिली नाही. लोहाराकडून तिचा अडसर करून दाराला आतून बसवला आहे. घराबरोबर तोही सुमेधाचा.

राजूर, ११ नोव्हेंबर २०२५
सही (डाव्या हाताने): प्रभावती तातेराव मगरे

साक्षीदार: कल्याण रामकिसन जाधव, शेजारी.
साक्षीदार: गिरिजाबाई सर्जेराव मगरे, माझी भावजय, मिथुनची आई. सही करून त्या जे बोलल्या, ते त्यांच्याच सांगण्यावरून लिहिले: "पोरगं माझंच हाय, आक्का. म्हनून तर सुमेधाला अडसर लावाया लावला आन् म्या भाईरून खांदा देऊन लोटून पाह्यलं. न्हाई उघडत."