वेन्डेलच्या सुऱ्या

बिटररूट, मोंटाना
१२ ऑक्टोबर

प्रिय वेन्डेल,

तू, आयव्ही आणि तुमचे घोडे सगळे खुशाल असाल असं धरून चालते. आयव्हीचा गुडघा आता कसा आहे? तिला म्हणावं, तुमच्या शिकारीच्या कॅम्पवरच्या स्वैपाकाला एखादी पोरगी ठेव, चाळीस माणसांची भांडी घासायचं वय नाही आपलं.

इकडे सगळं ठीक. डोंगरमाथ्यावर बर्फ आलंय. लार्चची झाडं पिवळीधमक झालीत. रोज संध्याकाळी एक अस्वल मागच्या सफरचंदाखाली येतं आणि माझ्याकडे असं बघतं, जसं काही घर त्याचं आणि मी भाडेकरू. माझ्या स्कूलबसचा हीटर पुन्हा बिघडलाय. पोरं टोप्या घालून बसतात आणि मला गाणी म्हणायला लावतात.

तुझं पत्र मिळालं. शिकारीला येणाऱ्या यंदाच्या पाहुण्यांसाठी आणखी सुऱ्या हव्यात म्हणतोस. पोलाद तू पाठवणार, म्हणजे मला 'काहीच खर्च नाही'. आणि 'तशीही तू गॅरेजमध्ये खुडबुड करतच असतेस, तुझा छंदच आहे तो' हेही वाचलं.

यंदा आता आणखी जमणार नाही, वेन्डेल. दुसरा ड्रायव्हर काम सोडून गेलाय, त्याच्या फेऱ्याही माझ्याच गळ्यात आहेत. शिवाय मागणारा तू एकटा नाहीस. चर्चच्या बाईंना सोडतीत ठेवायला सुरी हवी. गुरांच्या डॉक्टरला त्याच्या सासऱ्याला द्यायला हवी, वर तो म्हणतो, 'तुझी जाहिरात होईल.' सगळ्यांना वाटतं सुऱ्या माझ्या सफरचंदाच्या झाडाला लागतात. त्या अस्वलालाही बहुतेक तसंच वाटत असावं.

तेव्हा रागावू नकोस. पाहुण्यांना टोप्या दे, कॉफीचे मग दे, काहीही दे.

अक्षर वेडंवाकडं आलंय, पेन धड नाही.

आयव्हीला माझा नमस्कार.

तुझी
मर्ना


बिटररूट
३ नोव्हेंबर

वेन्डेल,

मी खुशाल आहे. तू कसा आहेस ते या पत्रात विचारणार नाही. ते नंतर.

शनिवारी सकाळी माझ्या अंगणात एक पिकअप येऊन थांबला. मागे ताडपत्रीखाली एल्क हरणाचं मांस, दारावर मिनेसोटाची कुठलीशी पाटी. आतून एक दांडगा माणूस उतरला, दाढीत बर्फ अडकलेलं. टोपी काढून म्हणाला, "वेन्डेल हॅस्केटची कार्यशाळा हीच ना? मी हॉल्वर ब्रेके. माझी सुरी तयार आहे, बहिणीकडून घेऊन जा म्हणाला तो."

मी दारात उभी. हातात कॉफी.

मी तुला नाही म्हणून कळवलं होतं. ते वाचूनही तू त्याला माझा पत्ता दिलास. तुला वाटलं, परका माणूस दारात उभा राहिला की मर्ना काही नाही म्हणायची नाही, शेल्फावरची एखादी काढून देईल. मला ओळखतोस खरा. आजवर तेच करत आले मी.

मी म्हटलं, "कार्यशाळा हीच. पण वेन्डेलची नाही."

"म्हणजे जागा तुमची," तो हसून म्हणाला. "सांगितलं त्याने. तो इथे कधी येतो कामाला?"

"कधीमधी येतो. जेवायला."

त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळे गंभीर झाले. मग त्याने मला सगळं सांगितलं. शेकोटीपाशी तू पाहुण्यांना सुरी दाखवतोस, पात्यावरून बोट फिरवतोस, पोलाद लाल कधी होतं आणि तेलात कधी बुडवायचं ते सांगतोस. तेलाचं तू मला फोनवर विचारलं होतंस ना, मागच्या हिवाळ्यात? मला केवढा आनंद झाला होता! वाटलं, माझ्या भावाला शेवटी माझ्या कामात गोडी वाटायला लागली.

"मग पात्यावर 'एम' हे अक्षर का कोरलंय?" मी विचारलं.

"तो म्हणाला, मोंटानाचा एम."

वेन्डेल, मला हसू आलं. खरंच आलं. दाराला टेकून मी इतकी हसले की त्या बिचाऱ्याला कळेना, आपण थांबावं की निघावं.

पण तोही काही साधा नव्हता. हिरमुसला, थोडा चिडलाही. म्हणाला, "बाई, भावाबहिणीचं तुमचं तुम्ही बघा. मला कबूल केलेली सुरी मिळायला हवी. एवढं अंतर वाकडी वाट करून आलोय. आणि तुमचा तर हा छंद आहे. आवडीने करता. एखादी दिलीत तर काय बिघडतं?"

मी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"घरांची छपरं घालतो."

"आवडतं?"

"आवडतं म्हणजे काय! वर उंचावर, सकाळची वेळ, कोणाची कटकट नाही."

"मग बरं झालं. या गॅरेजचं छप्पर गळतंय. शिडी मागच्या बाजूला आहे. आवडीचंच काम आहे, एवढं दिलंत करून तर काय बिघडतं?"

मग त्याने मांडीवर अशी थाप मारली की कुत्रा उठून बसला. "माझा मेहुणा!" तो म्हणाला. "अगदी माझा मेहुणा बोलतोय! थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बोलावतो आणि टर्कीच्या आधी शिडी दाखवतो!"

तेव्हा मी त्याला आत घेतलं. कॉफी दिली. आणि कॉफी देताना त्याला माझा हात दिसला.

आता ते लिहायलाच हवं. ऑगस्टमध्ये तुझा शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तू घाई लावली होतीस. रोज फोन. मी सुऱ्या पाठवल्या आणि लिहिलं की त्यातली एक राहून गेली. ती राहून गेली नव्हती. मी दमलेली होते, चकाकी देणाऱ्या चाकाने पातं हिसकावून घेतलं आणि फेकलं ते सरळ माझ्या उजव्या तळहातात. डॉक्टरने शिवलं, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता मिटत नाहीत. अक्षर म्हणून असं आहे. पेनचा काही दोष नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू दोन गोष्टींपैकी एक म्हणाला असतास. 'सोड मग हा नाद,' नाहीतर, 'मग बाकीच्या कधी देतेस?' दोन्ही मला ऐकायच्या नव्हत्या.

आणि बस चालवून वेळ नाही असं जे लिहिलं, तेही खोटं. वेळ भरपूर होता. ऑगस्टपासून मी भट्टी पेटवलीच नव्हती. गॅरेजचं दार उघडायचे, त्या चाकाकडे बघायचे आणि दार ओढून घ्यायचे. शेल्फावर एकही सुरी नव्हती, वेन्डेल. हॉल्वरला द्यायची म्हटली असती तरी देता आली नसती.

हे मी त्या परक्या माणसाला सांगितलं. का, ते माहीत नाही. त्याने 'अरेरे' केलं नाही. "हातोडा धरून बघितला?" एवढंच विचारलं.

"नाही."

"भीती वाटते?"

"हो."

"मी एकदा पडलो होतो वरून," तो म्हणाला. "पुन्हा शिडी चढलो तेव्हा दुसऱ्या पायरीवर ओकलो. मेहुणा बघत होता."

मी कप खाली ठेवला. त्याला म्हटलं, "सुरी मी तुम्हाला देणार नाही. आजही नाही, कधीच नाही. पण पोलाद आहे, ऐरण आहे. तुमची तुम्ही बनवा. शिकवते."

मी भट्टी पेटवली. दाखवायला म्हणून मी पहिला घाव घातला आणि हातोडा निसटून थेट कोपऱ्यात गेला. हॉल्वरने तो उचलला, आपल्या गाडीतून जाड चिकटपट्टी आणली आणि दांड्याभोवती गुंडाळून तो चांगला जाडजूड केला. म्हणाला, "थंडीत वर बोटं बधिर होतात तेव्हा आम्ही असंच करतो." दुसरा घाव बसला. तिरका, पण बसला. तिसरा बरा बसला. मग मी त्याला ऐरणीपाशी जाऊच देईना! तो बिचारा चिमटा धरून उभा. "बाई," तो म्हणाला, "माझी सुरी मी बनवायची होती ना?"

रविवारी संध्याकाळपर्यंत त्याची सुरी झाली. दिसायला भयंकर आहे. पातं वाकडं, मूठ बटाट्यासारखी. त्याने ती सोडली नाही. जेवताना ताटाशेजारी घेऊन बसला होता. तू कबूल केलेली सुरी आता सोन्याची दिलीस तरी तो घेणार नाही.

निघायच्या आधी त्याने गॅरेजचं छप्पर नीट करून दिलं. किती झाले, मी विचारलं, त्याने सांगितले, मी दिले. पोलादाचे आणि भट्टीच्या गॅसचे किती, त्याने विचारलं, मी सांगितले, त्याने दिले. कोणीही 'राहू दे हो' म्हटलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

आता तुझ्याबद्दल. फुकट मागितल्याचा राग मला आहे, पण तो जुना आणि माझ्या सवयीचा झाला होता. घरातलं माणूस आहे, द्यावं, असं म्हणून मी तो गिळला. पण तू सुऱ्या नेल्यास तेव्हा माझं नावही त्यांच्याबरोबर फुकटात नेलंस. ते मी कोणालाच दिलेलं नव्हतं.

यापुढे तुला एकही सुरी मिळणार नाही. हंगामाला नाही, नाताळला नाही, आयव्हीने मागितली तरी नाही. तुझ्या पाहुण्यांपैकी कोणाला शिकायचं असेल तर शनिवारी माझं दार उघडं असतं. तूही ये. चिमटा धरायला माणूस लागतो आणि तू धरलास तर मला आवडेल. हे टोचून लिहीत नाही.

तुझ्या पाहुण्यांना मी पत्रं लिहिणार नाही, हॉल्वरलाही तोंड बंद ठेवायला सांगितलेलं नाही. पण थँक्सगिव्हिंगला मी तुमच्याकडे येतेय. आयव्हीला सांग, भोपळ्याची गोड पाई मी आणते. तुझे वाटाडे असतील, नेहमीचे पाहुणे असतील, आणि मी केलेल्या त्याच हरणाच्या शिंगाच्या मुठीच्या सुरीने तू टर्की कापशील. कोणीतरी विचारेलच, कोणी बनवली म्हणून. दरवर्षी विचारतात. आजवर मी तेव्हा स्वैपाकघरात असायचे.

यंदा मी तुझ्यासमोर बसणार आहे. मी काही बोलणार नाही. उत्तर तू द्यायचंस.

तुझी बहीण आणि त्या सगळ्या सुऱ्या बनवणारी,
मर्ना हॅस्केट