सोमवारी द्यायचं उत्तर

बाई, नववीत तुम्ही माझ्या इतिहासाच्या वहीच्या समासात लाल शाईने एक प्रश्न लिहिला होता आणि सोमवारी उत्तर आणून दे म्हणाला होतात. ते मी आणलं नाही. तुम्हाला जाऊनही आता बावीस वर्षं झाली. मधल्या काळात मी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं, मग इथे डब्लिनला आलो, आणि आता सँडीफोर्डच्या एका ऑफिसात बसून सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहितो. दिलेल्या वेळेत मजकूर दिला नाही असं माझ्याकडून सहसा होत नाही. तुमचा तेवढा राहून गेला. येत्या सोमवारी मला एका सभागृहात जाऊन, शेकडो लोकांबरोबर उभं राहून, आयर्लंडशी निष्ठेची शपथ घ्यायची आहे. जायचं की नाही हे अजून ठरत नाही, आणि ते ठरवायला बसलो की तुमचा प्रश्न आडवा येतो.

धडा अमेरिकेतल्या वसाहतींचा होता. वसाहतवाल्यांनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड का केलं, कारणे लिहा, गुण पाच. तुम्ही फळ्यावर लिहून दिलं होतं: कर आमच्याकडून घेता, पण तुमच्या संसदेत आमचा माणूस नाही, व्यापारावर बंधनं, समुद्रापलीकडून चालणारा कारभार, आणि शेवटी नवा विचार, की माणसाचे हक्क राजाने दिलेले नसतात, ते जन्मापासूनच असतात, आणि ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांना विचारल्याशिवाय ते करता येत नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, पण हे लोक तर स्वतःच बाहेरून आलेले ना? मग तिथे आधीपासून राहत होते त्यांना कोणी विचारलं?" तुम्ही खडू खाली ठेवलात. "नाही विचारलं. आणि शेतावर राबायला आणलेल्या गुलामांनाही नाही. हे परीक्षेत येणार नाही, म्हणून लक्षात ठेवा." मागून कोणीतरी म्हणालं, "मग वहीत लिहायचं का नाही बाई?" "तू आधी फळ्यावरचं तरी लिही," तुम्ही म्हणालात, आणि वर्ग हसला.

मी सगळी कारणं शब्दन्‌शब्द पाठ केली होती. पाचपैकी दोन मिळाले. मला आजही दिसतं, मी तुमच्या टेबलाशी उभा आहे, कान गरम झालेत, आणि तुमचं बोट वहीच्या समासावर आहे. आदल्या दिवशी मतदान झालेलं. तुमची ड्युटी आपल्याच शाळेत, आमच्याच वर्गात लागली होती, मतदारांच्या बोटांना शाई लावायची. तुमची स्वतःची तीन बोटं त्या शाईने काळीजांभळी झालेली, घासूनही न निघालेली. "ही कारणं त्यांची आहेत," तुम्ही म्हणालात. "त्यांनी ती नंतर नीट जुळवून कागदावर मांडली. पण माणूस घरून निघतो तो यादी वाचून निघतो का रे? तू तिथे असतास तर कशासाठी निघाला असतास? एकच कारण लिही. खरं." समासातही तेच लिहिलंत. तेवढ्यात पहिल्या बाकावरची तीच मुलगी म्हणाली, "बाई, तीन बोटांना शाई! किती मतं दिलीत?" तुम्ही हसून म्हणालात, "एकही नाही. दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावता लावता आमचं मत राहूनच जातं." तेव्हा आम्हाला तो विनोद वाटला.

इथे बोटाला शाई लावत नाहीत, बाई. पेन्सिलीने उमेदवारांच्या नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालतात. हे मला कळलं ते खालच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या इंग्लिश शेजाऱ्यामुळे. गेल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी त्याला गाडीतून मतदानाला नेलं. मतदान माझ्या मुलीच्या जुन्या प्राथमिक शाळेत होतं. तिच्या आताच्या शाळेलाही मतदानाची सुट्टी, म्हणून तीही मागच्या सीटवर. ती तेरा वर्षांची आहे, इथेच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश वळणाच्या इंग्रजीत. शेजारी म्हणाला, "गंमत बघ. या लोकांनी ज्यांना हाकलून दिलं त्यांच्यातला मी. मला इथलं सरकार निवडता येतं. तू इतकी वर्षं कर भरतोयस, आणि तू बाहेर थांबणार." खरंच तसा कायदा आहे. नगरपालिकेला मी मत देऊ शकतो. देशाच्या संसदेसाठी आयरिश माणूस देऊ शकतो, इंग्लिश देऊ शकतो, मी नाही. मुलगी पुढे वाकली. "बट दॅट्स मॅड, बाबा! ही इज इंग्लिश!" शेजारी म्हणाला, "माझी काय चूक गं? जन्माला घालताना मला तरी कोणी विचारलं होतं?" आणि काठी टेकत आत गेला. मी व्हरांड्यात मुलांनी रंगवलेल्या समुद्राच्या चित्रांखाली उभा राहिलो आणि मनात तुमची यादी म्हणून पाहिली. पहिलं कारण तंतोतंत माझं होतं. कर घेता, पण आमचा माणूस नाही. परत येताना दिव्याच्या खांबाला बांधलेली एक पाटी दिसली, हाताने रंगवलेली: देश भरला आहे. मग शेजारी म्हणाला, "ती तुझ्यासाठी नाही रे." मग कोणासाठी, ते त्याने सांगितलं नाही.

तेव्हापासून मला कळेनासं झालंय की तुमच्या धड्यात मी नेमका कोण. राज्य ज्याच्यावर होतं पण ज्याला विचारत नाहीत, तो मी आहे. बाहेरून येऊन दुसऱ्याच्या जागेत घर थाटलेलाही मीच आहे. मला इथे कोणी पकडून आणलं नाही आणि मी कोणाला हुसकलं नाही, तरी खांबावरच्या पाटीत मी असेनही. या लोकांनी शेकडो वर्षं झगडून स्वतःचं राज्य मिळवलं, आपल्याही लोकांनी त्याच सत्तेशी झगडून मिळवलं. त्या आपल्या झगड्यातून आलेला पासपोर्ट स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे. इथे मत हवं असेल तर तो परत करावा लागेल, कारण आपला कायदा दोन देशांचं नागरिकत्व चालवून घेत नाही. म्हणजे मला विचारलं जावं म्हणून जी गोष्ट मिळवली, तीच मला विचारलं जावं म्हणून द्यायची. हे वाक्य मी डेस्कवर असतो तर छापायला सोडलं नसतं. पण याहून सरळ लिहिता येत नाही.

बायको इथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर आहे, नागपूरची. तिने चार वर्षांपूर्वीच शपथ घेतली, आणि संध्याकाळी ड्युटीला गेली. ती म्हणते, "कागद आहे रे तो. इतका काय विचार करतोस? तुझ्या बाई काय पेपर तपासायला येणारेत?" परवा जेवताना मुलीने विचारलं, मी हे का करतोय. मी चमचा खाली ठेवून नीट सांगितलं: ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांची संमती लागते, कर देणाऱ्याला मत हवं, आणखी एकदोन मुद्दे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओके. बट रिअली?"

बाई, माझे कान गरम झाले. नववीतले तसेच.

म्हणून आज सुट्टी घेऊन हे लिहायला बसलो. लिहून झाल्यावर कागद पासपोर्टात घडी करून ठेवावा असं मनात होतं, पण गेलो तर तो पासपोर्टच माझ्याकडे राहणार नाही. पोस्टात टाकायला पत्ता नाही. तेव्हा हे पत्र इथेच टेबलावर राहील, आणि सोमवारी मी त्या सभागृहात असेन की ऑफिसात, हे ठरलेलं नाही. पण उत्तर तुम्ही एकच मागितलं होतं, खरं, ते देतो. बायकोने शपथ घेतल्यापासून दर वर्षी सुट्टीहून परत येताना डब्लिनच्या विमानतळावर ती आणि मुलगी इथल्या पासपोर्टवाल्यांच्या रांगेतून पटकन पलीकडे जातात आणि मी दुसऱ्या रांगेत उभा राहतो. मुलगी माझी बॅग घेऊन काचेपलीकडे थांबते. आधी हात हलवायची. गेल्या खेपेला तिने फोनमधून मान वर केली नाही. अर्ज मी त्याच आठवड्यात भरला. मताचं कारण त्यात नंतर घातलं.