न तापणारी बस

३ जून
नोकरी लागली! शाळेची बस, आणि चालवणार मी. किल्ली देताना वर्कशॉपचे मिस्त्री म्हणाले, ही म्हातारी गुणाची आहे, चढावरसुद्धा तापत नाही. मुलांना सांभाळणाऱ्या मावशींनी लगेच विचारलं, माझ्या नवऱ्याच्या बदल्यात देता का? माझे वडील, आप्पा, ट्रक चालवायचे; त्यांनी मला अक्षरांआधी इंजिनाच्या तापमानाचा काटा वाचायला शिकवलं, त्यामुळे दिवसभर माझी नजर काट्यावरच. खरंच, तो खालीच राहिला. मुलांनी मला ड्रायव्हरताई करून टाकलंय.

५ जून
निघण्यापूर्वी पाणी, तेल, इंजिनाचा पट्टा सगळं पाहिलं. ठीक आहे. पण फेरी करून आल्यावरही रेडिएटर हाताला गार लागतो. मिस्त्रींना बोलले, तर म्हणाले, तापली तरी तक्रार, नाही तापली तरी तक्रार! काही मुलं तापामुळे आली नाहीत. साथ असेल.

९ जून
फेरीवरून आल्यावर पाहिलं, तर पट्टा तुटलेला निघाला. पाण्याचा पंप त्याच्यावरच फिरतो. म्हणजे येताना पाणी फिरतच नव्हतं, तरी काटा खालीच. आप्पा सांगायचे, उष्णता नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते. मग ती गेली कुठे?
आणखी मुलं आजारी. सगळी लांबून येणारी, बसमध्ये जास्त वेळ बसणारी.

१० जून
मावशी म्हणाल्या, आधीचा ड्रायव्हर तापातच गेला. घरी बरा असायचा, गाडीत बसला की फणफणायचा. माझंही अंग कसकसतंय. इंजिनाची उष्णता बसणाऱ्यांच्या अंगात जातेय म्हटलं, तर मुख्याध्यापिकांनी मला वेड्यात काढलं. तरी मुलांना दुसऱ्या बसमध्ये बसवलं. ही रिकामीच वर्कशॉपला नेते. एकटी.

दुपार
चढावर मागून कण्हणं ऐकू आलं. मावशी! मागच्या सीटवर आडव्या. पोरीला एकटीला कसं सोडू, म्हणून गुपचूप चढल्या होत्या. अंग भाजतंय. बाहेर काढायला मला उचलत नाहीत. ॲम्ब्युलन्सला फोन केला — लांब आहे —
बस बंद केली, ताप उतरत नाही. उष्णता इंजिनाची आहे, त्यानेच परत घ्यायला हवी. वाऱ्याने निवू नये म्हणून रेडिएटरवर गोणपाट टाकलं, इंजिन सुरू केलं. ताप गं म्हातारे, ताप —

हलला! काटा हलला! मावशींचं कपाळ निवतंय —

कपाळ गार झालं. बास आता. किल्ली काढली. इंजिन बंद होत नाही —

काटा लाल पट्टीत. मावशींचे हात बर्फ —

मावशी डोळे उघडत नाहीत —

दार — कडी फिरवता येत नाही, माझी बोटं गारठ—