साडेपाचशे वॅट

४ मार्च
ग्राफिक्स कार्ड आलं. संगणकाला वीज देणारा जुना डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, त्याला पुरणार नाही, हे नवऱ्याला तीनदा समजावलं. चौथ्यांदा म्हणाला, "म्हणजे प्लग बदलायचा ना?" कपाळ माझं!

हिशेब मांडला. कार्ड दोनशे वीस वॅट, प्रोसेसर सव्वाशे, बाकी किडूकमिडूक. वर थोडी सवड हवीच. म्हणजे साडेसहाशेचा. तोही बऱ्या कंपनीचा — स्वस्तातल्या डब्यांवर आकडे काय, कोणीही छापतं! बजेटमध्ये बसतोय, काठोकाठ.

अठरा वर्षं स्टुडिओत बसून दुसऱ्यांच्या नावावर एडिटिंग केलं. एका दुपारी मला काढून टाकलं. आता हे पहिलं काम माझ्या नावाचं — काचकारखाना पाडायच्या आधी दिग्दर्शिकेने घेतलेल्या एकतीस कामगारांच्या मुलाखती. यात घोळ झालेला चालणार नाही.

६ मार्च
पाठ धरली म्हणून नवऱ्याला दुकानात पाठवलं. चिठ्ठीवर कंपनी, मॉडेल, वॅट, सगळं लिहून. आला साडेपाचशेचा घेऊन! कंपनीही भलतीच. "दुकानदार म्हणाला, एवढा भरपूर होतो. उरलेल्या पैशांत तुला माउस आणला!" वर कौतुकाची अपेक्षा. मला माउस नको होता. एकदा तरी कोणी माझं ऐकायला हवं होतं.

७ मार्च
दुकान आता सोमवारी उघडणार आणि मला काम दाखवायचंय सोमवारीच. तणतणत तोच बसवला. मदरबोर्डला आणि कार्डाला नव्या वायरी लावल्या. हार्ड डिस्कच्या जुन्याच ठेवल्या — मागे इतक्या घट्ट बांधल्यात, कोण सोडवत बसणार? नव्या डब्यात चपखल बसल्या.

बटण दाबलं. टक्! जळका वास.

दोन्ही डिस्क गेल्या. एकीवर मूळ चित्रण, दुसरीवर बॅकअप. कॅमेऱ्याची कार्डं दिग्दर्शिकेने केव्हाच पुसलीत.

८ मार्च
बोलले. नणंद जेवायला आली होती, तिच्यादेखत बोलले. "शंभर वॅट वाचवलेस आणि माझं पहिलं काम जाळलंस. आयुष्यात एक गोष्ट धड आणली आहेस का?" नणंद म्हणाली, "वहिनी, पुरे आता." पुरे कसलं! अजून दहा मिनिटं बोलले.

९ मार्च
दिग्दर्शिकेला फोन. ओरडली असती तर बरं झालं असतं. "कारखाना पाडला. तीन म्हातारे गेलेसुद्धा," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

१० मार्च
अबोला. तो स्वतःच वाढून घेतो. घेऊ दे.

१२ मार्च
सगळा जामानिमा घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. दुकानदाराला धारेवर धरायचं तर पुरावा हवा ना! दुरुस्तीवाल्याने पॉवर सप्लाय तासभर तपासला. "ताई, याला काही धाड भरलेली नाही. उत्तम आहे. तुमच्या मशीनला पुरून उरेल."

मग डिस्कची वायर उचलली. "ही याची नाही. जुन्याची आहे." दिसायला सारख्या, पण आतली जोडणी दर कंपनीची वेगळी, म्हणे. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले. चित्रण परत मिळायची आशा सोडा, असंही म्हणाला.

"कोणी लावली ही?"

"मिस्टरांनी," मी म्हटलं. पटकन निघून गेलं तोंडातून.

घरी येईपर्यंत स्वतःची किळस आली. नव्या वायरी खोक्यात तशाच पडल्यात, पिशवीसुद्धा फोडलेली नाही. मीच. फक्त मीच. त्याला सांगायलाच हवं. उद्या सकाळी, चहाच्या आधी.

१३ मार्च
मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "चुकलं माझं. तू लिहून दिलेलंच आणायला हवं होतं." डोळे भरले होते त्याचे.

मी म्हटलं, "जाऊ दे. केलं माफ."