पावसानंतर एक फवारा

ब्राझीलिया, १४ ऑगस्ट

ती. ओदालेयाआत्यास,
जासिराचा सा. न. वि. वि. आशीर्वाद तू देतेसच, तरी मागून घेते.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे नाइरआत्याकडून कळलं. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू लावत नाहीस, म्हणून हा पत्रप्रपंच. नाइरआत्या पालीला पाहून खुर्चीवर चढणारी. तिच्याकडे राहायला जाताना तू तुझा साप माझ्या गळ्यात घातलास, तेही अक्षरशः.

आत्या, बातमी चांगली नाही. काल बाकाबाने कात टाकली, पण अखंड नाही, चिंध्या चिंध्या करून. उजव्या डोळ्यावरचा पापुद्रा तर तसाच अडकून बसलाय. उंदीर दिला की तोंड फिरवते. पेटीच्या झाकणावरचा तुझा कागद मी शब्दशः पाळतेय: दिवा सकाळी, उंदीर दर दुसऱ्या रविवारी, पाऊस झाला की एक फवारा. इथे मे महिन्यापासून पाऊस नाही. बाटली भरून तयार आहे, रोज आभाळाकडे बघते.

हवा इतकी कोरडी की माझा घोळणा फुटतो. ऑफिसात सगळे खुर्चीवर ओले टॉवेल टाकून बसतात, मी पलंगाखाली पाण्याचं घमेलं ठेवून झोपते. तेव्हा माझी काळजी नको.

कात फाटली म्हणून माया फाटू देऊ नकोस.
तुझी जासिरा


बेलेम, २२ ऑगस्ट

चि. जासिरास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

अगं अतिशहाणे, पाऊस झाला की म्हणजे दुपारी तीनच्या पुढे! इथे रोज दुपारी ठरल्या वेळी पाऊस येतो, दाताचा डॉक्टरसुद्धा पावसानंतर या म्हणतो. माझ्या भावाने तुला त्या रखरखाटात वाढवली, पण बापाने एवढंही सांगू नये? स्वतःच्या पलंगाखाली घमेलं, आणि त्या मुक्या जिवाला आभाळ!

एवढं लिहून झाल्यावर नाइरने विचारलं, की कागद लिहिला कोणी. मीच लिहिला. चूक माझीच. इथल्या भिंतींनासुद्धा घाम फुटतो, फवारा म्हणजे नुसते लाड. खरं काम हवाच करायची. अडुसष्ट वर्षं मी पावसावर घड्याळ लावलं, ते सगळीकडे चालतं असं धरून बसले.

आता नीट वाच. पापुद्रा चिमट्याने ओढायचा नाही, डोळा जाईल. झाकणाची जाळी पाऊणभर ओल्या फडक्याने झाक, थोडी हवा खेळू दे. एका डब्यात ओलं शेवाळ भर आणि ती आत शिरेल एवढं भोक पाड. ओलावा मोजायचं यंत्र आण. काटा ऐंशीच्या आसपास हवा. पण तळाला डबकं नको, पोटाचे खवले कुजतील. पुढच्या कातीबरोबर पापुद्रा निघाला तर वाचलो. तेव्हाही अडकला तर डोळा जातो, असं तुझे आतोबा, एवाल्दो, सांगायचे.

एवाल्दो जानेवारीत गेला. त्याने तिला पेन्सिलीएवढी होती तेव्हा आणली, अकरा वर्षं वाढवली. माझ्या एका ओळीपायी तिचा डोळा गेला तर मी त्याला काय तोंड दाखवू? मला भीती वाटते गं.

धपाटा विसर, फडकं विसरू नकोस.
तुझी आत्या


ब्राझीलिया, १४ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. धपाटा पोचला.

पहिल्याच दिवशी मी उत्साहाच्या भरात पेटीचं तळं केलं. लाकडाचा भुसा तरंगायला लागला आणि बाकाबा फांदीवर चढून माझ्याकडे आमच्या साहेबांसारखी बघत राहिली. सगळं उपसून, पुसून पुन्हा मांडलं. यंत्राचा काटा वीसवर होता. मला वाटलं मोडकंच आणलं. फडकं तर तासाभरात कडक व्हायचं.

मग डोक्यात प्रकाश पडला. घमेलं माझ्या खोलीत, तर पेटी बैठकीत कशाला? तिला माझ्या पलंगाशेजारी आणली. आता तीन घमेली आहेत, दारावर, खिडकीवर ओले टॉवेल आहेत, आणि काटा ऐंशीवरून हलत नाही. शेजारच्या झुलेइदेबाईंनी विचारलं, घरात बाळंतीण आहे का. मी म्हटलं, बाळ अकरा वर्षांचं आहे आणि उंदीर खातं. त्यानंतर त्या कॉफीला आलेल्या नाहीत.

माझा घोळणाही फुटायचा थांबला. परवापासून बाकाबाचे डोळे दुधाळ झालेत, म्हणजे कात जवळ आली. ऑफिसात माझं कशात लक्ष नाही. मलाही भीती वाटते, आत्या.

नवस बोलत असलीस तर माझाही एक धर.
तुझी जासिरा


ब्राझीलिया, २२ सप्टेंबर

ती. आत्यास,
नमस्कार नंतर, आधी बातमी: अखंड!

नाकापासून शेपटीपर्यंत एकच कात. दोन्ही डोळ्यांवरच्या पापुद्र्यांच्या टोप्या कातीत जागच्या जागी, आणि उजवीकडे जुना पापुद्रा नव्याला चिकटून बाहेर आलाय. मी एवढी ओरडले की झुलेइदेबाईंनी भिंत ठोकली. बाकाबाने दोन्ही डोळ्यांनी मला नीट बघून घेतलं आणि उंदीर गिळला.

कात सोबत आहे. टपाल कचेरीत विचारलं, आत काय. मी सांगितलं, घरातल्या माणसाचा जुना कपडा.

पाऊस अजून नाही. फवारा रोज तीनला.
तुझी जासिरा


बेलेम, १ ऑक्टोबर

चि. जासिरास,
अनेक आशीर्वाद. धपाटा परत घेते.

पाकीट नाइरने उघडलं. ती अजून अंगणात उभी आहे. मी कात खिडकीशी उजेडात धरली, आधी उजवा डोळा पाहिला, मग डावा, आणि खूप रडले. एवाल्दोने तिच्या सगळ्या काती बिस्किटांच्या डब्यात जपल्यात. ही सगळ्यात वर ठेवली.

पुढच्या आठवड्यात मी माझ्या घरी जाईन. बाकाबाला परत मागायची असं ठरवलं होतं. पण गुडघा वाकत नाही, खाली बसून पेटी साफ करणं आता जमायचं नाही. आणि खरं सांगू, गुडघा हे निमित्त. तुझी पत्रं वाचताना वाटलं, की त्या खोलीत आता दोघी नीट श्वास घेताहेत. ती तुझ्याकडेच राहू दे.

डबा मात्र माझ्याकडे राहील. प्रत्येक कात मला पाठवायची, पत्रासकट. वर्षाला सहा-सात होतात. एवाल्दो गेल्यापासून टपालवाला माझ्या दारावरून सरळ पुढे जायचा. तो पावसानंतर येतो. त्या वेळेला मी आता ओट्यावर खुर्ची टाकून बसत जाईन.

माया त्या कातीसारखी असू दे, मध्ये कुठे न फाटलेली.
तुझी ओदालेयाआत्या