घसा बसला, पण चिमी सापडली

रविवार, दिवेलागण

माझी मलाच विचारते, नात बरी हाय ना? बरी, चिमी झोपलीय. तिची आई? तिचं रडू आता थांबलंय. पोरगा? गाडी चालवून दमलाय. मी बरी, घसा तेवढा बसलाय.

सकाळी समुद्राकाठच्या पार्कला निघालो, तर गाडीतच सून म्हणाली, "आत्ती, तिथं जरा हळू बोला हं. लोक बघतात." आणि तिथं आकाशपाळण्यापाशी चिमीचा हात सुटला! ही गर्दी, वर स्पीकरची गाणी. पोरगा एकीकडं धावला, सुनेच्या तोंडातनं तर आवाजच फुटंना. मग कसलं हळू? फडात ऊस तोडणाऱ्याला भाकरीला बोलवावं, तशी तोंडाला हात लावून ओरडले, "चिमेऽऽऽ!" पुन्हा ओरडले, पुन्हा. घसा फाटला. तेवढ्यात घसरगुंडीच्या मागनं आलं, "आले की आज्जे!"

देवा, किती बरं वाटलं!

आत्ता सून हळदीचं दूध ठेवून गेली. म्हणाली, "आत्ती, बोला की कायतरी. घर कसं मुकं वाटतंय."

बोलू कशानं? हसले नुसती, आणि दूध प्याले.