शेंदऱ्याचं लग्न

ती. गोरखमामांना,

डिंगोऱ्याहून समृद्धीचा नमस्कार. मामीच्या गुडघ्याला आराम पडला का? इकडे सगळे बरे आहेत. (अक्षराला हसू नका. इंग्लिश मीडियमची आहे, जोडाक्षरं पप्पांना विचारून लिहितेय.)

कांद्याच्या चाळीसाठी तुम्ही शेंदऱ्या आंबा तोडणार, हे मम्मीनं सांगितलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. मग ठरवलं, झाड गेलं तरी आंबा जाऊ द्यायचा नाही. कोय लावून तोच आंबा मिळेल याचा भरवसा नसतो, कलमच करायला लागतं. म्हणून तर आळ्याहून येताना तुमच्याकडून काड्या आणल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन.

मामा, कलम म्हणजे लई भारी गोष्ट आहे. कोयीचं रोप वरून छाटायचं, मधोमध चीर द्यायची, आणि तेवढ्याच जाडीची शेंदऱ्याची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची. साल सालीला भिडली पाहिजे, कारण सालीच्या आत एक ओली हिरवट रेघ असते, तीच दोघांना जोडते. शाळेत तिला कॅम्बियम म्हणतात. तिची आकृती काढून मी पैकीच्या पैकी मार्क घेतलेत, पण चाकू लावल्यावर ती बोटाला खरोखर ओली लागली तेव्हा अंगावर काटा आला. दोन परकी झाडं, आणि एक होऊन पाणी पितात. त्यांना शिकवलं कुणी? मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधलं आणि वरून बर्फाच्या पेप्सीची रिकामी पिशवी टोपीसारखी घातली.

आमची आजी (ठकूबाई, पप्पांची आई) रोज येऊन बघायची. हे झाडांचं लग्न आहे, असं मीच तिला समजावलं. एक दिवस शाळेतून आले तर पट्ट्या सुटलेल्या, काड्या माना टाकलेल्या आणि वर हळदीकुंकू.

"अगं, लगीन लागलं न्हवं? मग काकण सोडायचं नाय का? जल्मभर बांधून ठिवती व्हय?"

पप्पा म्हणाले, "आई, नवरीला नांदू तरी द्यायचं."

मी रडले नाही (थोडीच). पण एक रोप टाकीमागं होतं, ते आजीच्या हाती लागलं नव्हतं. त्याला काल तांबूस, कोवळी पानं फुटली. मी त्याच्यासमोर बसूनच राहिले, चहा निवला तरी. तेव्हा मामा, शेंदऱ्या आता इथं आहे. तुम्ही खुशाल चाळ बांधा.

तुमची भाची,
समृद्धी

ता.क. पाकीट चिकटवायच्या आधी परत बघून आले. पानं बांधलेल्या जागेच्या खालून फुटलीत, म्हणजे ती कोयीच्या रोपाचीच. वरची शेंदऱ्याची काडी वाळलीय. मामा, झाड तोडू नका. चाळ गोठ्यापलीकडे बसते, मी मागंच बघून ठेवलंय.

आणखी एक. आजीच्या मनाला फार लागलंय. म्हणते, "मामा उभा नसताना लगीन लावलंस पोरी, टिकंल कसं?" तेव्हा नवरीचे मामा म्हणून नव्या काड्या घेऊन तुम्हीच या. आणि काकण सोडायचा मुहूर्त आजीला तुमच्याच तोंडानं सांगा. पुढच्या वर्षीचा सांगा.